चढाईची तयारी

पचमढीच्या डोंगर-जंगलात फिरायला जायचं ठरलं आणि गुलाबबाईंचा पाय घरात ठरेना. सगळं आयुष्य सानगडीतल्या धानाच्या बांध्यांत भाताची रोपं लावत वाकून गेलेलं. डोंगर त्या कधी चढल्याच नव्हत्या. पण मुलगा अश्वजित फोनवर गाडी ठरवताना सहज म्हणाला, “चढाईच्या दिवशी आई हॉटेलातच राहील.” त्यानंतर गुलाबबाईंना घास गोड लागेना. एका संध्याकाळी कोणाला न सांगता त्या गावच्या किल्ल्याची टेकडी चढू लागल्या. शोधत शोधत अश्वजित वर पोचला, तेव्हा त्या थरथरणारे गुडघे दोन्ही हातांनी दाबून बुरुजाशी बसल्या होत्या. “काहून आली वं माय इथं?” “मले बी वरून पाहाचं आहे,” त्या म्हणाल्या. “खाली राहून खूप पाह्यलं.” अश्वजित त्यांच्या गुडघ्यांकडे बघत शेजारी टेकला. “जायले अजून महिना आहे,” तो म्हणाला. “उद्यापासून रोज चढू. मी बी संगं येतो.”