उघडा वाघोबा

लग्न होऊन आल्यापासून गोदूबाईने ज्याला वाघोबा म्हणून हात जोडले, तो वाघ नव्हताच. हे तिला चामटोलीच्या बांधावर, उन्हं कलताना, कुंदा मॅडमकडून कळलं. मॅडम कात्रपच्या शाळेत इतिहास शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी जुने दगड हुडकत हिंडायच्या. एकेकाला असतात असले नाद.

सकाळी वाघोबाच्या दगडावरचा शेंदराचा जाड थर आपोआप सुटून खाली पडला होता. देव उघडा पडला की दिवस मावळायच्या आत त्याला पुन्हा शेंदूर चढवायचा, आणि तो घरातल्या पुरुषानेच चढवायचा, अशी रीत. घरात पुरुष उरला होता एकच, मुलगा जयदेव. तो अंबरनाथला कंपनीत, राहायला तिथेच. शेजारच्या कौसाबाईच्या मोबाइलवरून गोदूबाईने त्याला सकाळीच निरोप दिला होता. मी येतो, म्हणाला होता. शेंदूर आला, वाटीत तेल आलं. जयदेव तेवढा यायचा होता.

मॅडमनी ओल्या फडक्याने दगड पुसला. खाली तलवार उगारलेला एक माणूस, त्याच्या मागे तीन गाई.

"आजी, हा वीरगळ आहे, वीराच्या आठवणीचा दगड. गावाची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना हा मेला." मग मॅडमचं बोट वर सरकलं. मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला हाताला धरून नेत होत्या. सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीपुढे निवांत बसला होता.

वाघ नाही म्हणून गोदूबाईला काही वाईट वाटलं नाही. ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि दगड खालपासून वरपर्यंत पुन्हा पुन्हा पाहू लागली. काहीतरी शोधत असल्यासारखी.

"आनी याची बायको कुठं हाय?"

मॅडमनी फडकं पिळलं. "ती नसते यावर."

"मंग तिचं काय झालं?"

"ते कुणी कोरून ठेवत नाही, आजी."

जाताना मॅडमनी विनवून पाहिलं, की आता शेंदूर लावू नका, एवढं सुरेख काम पुन्हा झाकून जाईल. गोदूबाईने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मॅडमना कळलं नाही. त्या रिक्षा गाठायला निघाल्या.

बांधावर मग कौसाबाई आली, निरोप घेऊन. जयदेवचा फोन होता. बदलीचा माणूस आला नाही, त्याला दुसरी पाळीही करावी लागणार. गावातल्या कुणाकडूनही लावून घे, म्हणाला. कौसाबाईने आपल्या नवऱ्याला पाठवू का, असं विचारलं. गोदूबाई नको म्हणाली. गावात माणसांना तोटा नव्हता. पण 'कुणाकडूनही' हा शब्द तिला फार लागला. कौसाबाई दिवाबत्तीला घरी गेली आणि बांधावर ती एकटीच उरली.

सूर्य डोंगराला टेकला. गोदूबाईने शेंदूर तेलात कालवला. बोट बुडवून ते वीराच्या कपाळापाशी नेलं आणि तिथेच थांबवलं. रीत तिच्या अंगात मुरलेली होती. बोटावरचा शेंदूर ओघळून मनगटावर आला.

मग तिने हात खाली आणला. गाईंच्या मागे, दगडाच्या कडेला, चार बोटं जागा कोरी राहिली होती. तिथे कुणी काही कोरलेलं नव्हतं. गोदूबाईने त्या जागेवर कुंकवाएवढा एक ठिपका टेकवला.

वाटी बाजूला ठेवून, पदराला हात पुसून ती त्या ठिपक्याशेजारी टेकली. समोरचा रस्ता आता दिसेनासा होत होता.

"बस बाय," ती म्हणाली. "तुजा आला नाय. माजा पन नाय आला."