साफ एक्स-रे

नबीलचा एक्स-रे पुन्हा साफ आला, तसे अब्बा रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंसमोरच उखडले. "चार वर्षं हेच! सकाळी कंबर धरून कण्हत उठतो, अन् होडीवर तासभर जाळी ओढली की ठणठणीत. नाटकं सगळी!"

डॉक्टरीणबाई आजार ओळखायच्या निकषांच्या दोन याद्या ताडून पाहत होत्या. "जुन्या निकषांत हाड बिघडल्याशिवाय हा मणक्याचा संधिवात धरतच नाहीत. नव्यांत एमआरआयमधली सूज चालते, ती याच्या एमआरआयत आहे. हाड अजून शाबूत आहे, म्हणजे वेळेत आलात. आता एकच लक्षण हवं: आरामाने दुखणं वाढतं, हालचालीने कमी होतं, असं. चाचा, मघाचं परत सांगा, लिहून घेते."

अब्बांनी नबीलच्या पाठीवर हात ठेवून सगळं परत सांगितलं. शेवटचे दोन शब्द तेवढे गाळले.