काणाडोळा

लोवेनाच्या वडिलांची होडी बुडत होती, तेव्हा त्यांनी मदतीसाठी उडवलेला लाल बाण कप्तान पेंगेलीने पाहिला होता. पण त्याची जाळी मासळीने भरली होती, म्हणून तो वळला नाही. चौकशीत म्हणाला, "मला काही दिसलं नाही." पबमध्ये मात्र हसत सांगायचा, "जुन्या लढाईत आपल्या एका डोळ्याच्या ॲडमिरलला वरिष्ठांचा माघारीचा इशारा पाळायचा नव्हता, म्हणून त्याने फुटक्या डोळ्याला दुर्बीण लावली. काणाडोळा करावा तर असा!"

आज तो लोवेनाच्याच चष्म्याच्या दुकानात बसला होता. नजरेचा दाखला मिळाला नाही, तर त्याची कप्तानकी जाणार होती.

"उरक गं पोरी, भरती चुकेल माझी. घारीची नजर आहे, दरवर्षी काय तपासायची?"

तिने त्याचा उजवा डोळा झाकला. "आता डाव्याने समोरचा तक्ता वाचा, कप्तान."

वरच्या मोठ्या अक्षरापासून तळाच्या बारीक ओळीपर्यंत त्याने सगळं धडाधडा म्हणून दाखवलं. "बघ! दिसतंय की नाही सगळं?"



वीस वर्षांत पहिल्यांदाच लोवेनाने तो तक्ता उलटा टांगला होता. त्याच्यासमोर नुसता कोरा पुठ्ठा होता.