चवड्याशी झिजलेले बूट

डॉक्टरांनी दटावल्यापासून हे रोज सकाळी तासभर चालून येतात. पोट उतरलं, माझी कटकटही थांबली.

परवा यांचे बूट दुरुस्तीला नेले. कोपऱ्यावरच्या बूट शिवणाऱ्याने ते उलटे करून पाहिले.

"ताई, साहेब उलटे चालतात का हो? टाच कोरी करकरीत, चवडा पार झिजलाय. मागे मागे चालणाऱ्याचाच असा झिजतो."

मी हसत हसत घरी सांगितलं. हे हसले नाहीत. "नवीन तळ लावून आण," एवढंच म्हणाले, आणि उठून आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

रात्रभर माझा डोळा लागला नाही. सकाळी हे निघाल्यावर मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

फाटकापर्यंत हे सरळ गेले. मग घराकडे तोंड करून वळले आणि तसेच, मागे मागे, सावकाश चालू लागले. मी हात हलवला. यांनी हलवला नाही.

हे माझ्याकडे बघतच नव्हते. यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे, घरात लागली होती.

आणि एकदम, तोंड न फिरवता, हे पळायला लागले.