चार बोटं बाहेर

देव प्रत्येक खेळाडूला आयुष्यात एकच खरा गुरू देतो, यावर यादिरा ओसेगेदाची श्रद्धा होती. तिचा गुरू मैदानाच्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांपैकी प्रसाधनगृहाला लागून असलेल्या तिसऱ्या पायरीवर, बुडाखाली उशी घेऊन बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला संत्र्याच्या फोडी वाटायचा.

गुरूचं नाव ओफेलिया; मुली आदराने ‘दोन्या’ म्हणायच्या, म्हणजे बाई. वय एकाहत्तर. फेब्रुवारीत, सीझनच्या पहिल्याच सामन्याला, ती बर्फाची पेटी घेऊन आली. पेटीत मिरची लावलेल्या फोडी आणि तळाशी बर्फाने भरलेली रबरी पिशवी. फोडी सगळ्यांच्या. पिशवीला मात्र ती कुणाला हात लावू देत नसे. या वयात सांधे धरतातच, असं मुलींनी ठरवून टाकलं.

सिएनेगा कम्युनिटी कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघात अकरा मुली होत्या, त्यातल्या दोघी बास्केटबॉलकडून उसन्या आणलेल्या. यादिरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. दुसरं वर्ष, म्हणजे शेवटचं. कुठल्या तरी विद्यापीठाने खेळासाठी फी माफ करून घेतलं तर पुढचं शिक्षण, नाहीतर जूनपासून मावशीशेजारी उभं राहून संत्री खोक्यात भरायची. मावशीने तिच्यासाठी हातमोजेसुद्धा आणून ठेवले होते.

त्या पहिल्या सामन्यात यादिराचे चेंडू फलंदाजापुढच्या पांढऱ्या प्लेटवरून जाईनात; पंचाने ते वाया धरले आणि लागोपाठ तिघी चेंडू न मारताच पहिल्या बेसवर फुकट चालत गेल्या. डाव संपल्यावर ती पाणी प्यायला गेली, तेव्हा म्हातारीने फोड पुढे केली.

‘‘बाहेर टाक, पोरी. प्लेटच्या चार बोटं बाहेर.’’

‘‘दोन्या, बाहेरच्या चेंडूला पंच स्ट्राइक देत नाहीत.’’

‘‘देतात. टाकून तर बघ.’’

टाकले. मिळाले. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद; समोरच्या मुली बॅट खांद्यावर ठेवून बाद होत गेल्या आणि त्यांचा कोच टोपी जमिनीवर आपटत राहिला.

त्यानंतर घरच्या मैदानावरचे अकरापैकी नऊ सामने सिएनेगाने जिंकले. बाहेरगावी मात्र यादिरा तेच चार बोटं बाहेरचे चेंडू टाकायची आणि मुली पुन्हा चालत बेसवर जायच्या. अपवाद दोनच. त्या दोन्ही गावी म्हातारी पेटीसकट हजर होती.

‘‘सगळा खेळ तिच्या डोक्यात आहे,’’ यादिरा म्हणाली.

‘‘मेक्सिकोत पिचर होती म्हणे,’’ फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारी कॅचर पाकू म्हणाली. पाकूनेच हे काल रचलं होतं. आज तिचाही त्यावर विश्वास बसला होता.

यादिराने एकदा सरळ विचारलं, ‘‘दोन्या, हे सगळं शिकलात कुठे?’’

‘‘घरातच. जेवताना.’’

घराण्यातच खेळ आहे, असा यादिराने अर्थ घेतला.

म्हातारी टाळ्या क्वचित वाजवायची आणि ओरडायची तर कधीच नाही. इथे पंचाला नावाने कुणी हाक मारत नाही. निळा शर्ट, म्हणून ‘ब्लू’. मास्कच्या आत सगळे सारखेच, कुणाचा चेहरा कोण बघतो? लोक फक्त ओरडतात. ‘‘ए ब्लू, चष्मा गाडीत राहिला का रे?’’ ‘‘ब्लू, तुझ्यापेक्षा माझा कुत्रा बरा बघतो!’’ असं सुरू झालं की म्हातारी पेटीत वाकून फोडी नीट लावत बसायची.

शेवटचा सामना घरचा होता. विद्यापीठाची कोच खास यादिराला बघायला येऊन बसली होती. दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा निरोपही त्याच दिवशी असतो. प्रत्येकीने आईचा हात धरून मैदानात यायचं आणि तिला फूल द्यायचं. यादिराची आई संत्री भरायच्या शेडमध्ये कामाच्या पाळीवर होती. यादिरा तिसऱ्या पायरीपाशी गेली.

‘‘दोन्या, चला.’’

‘‘मी? मैदानात?’’ म्हातारी गडबडली. तिने प्लेटकडे पाहिलं. ब्लू पाठ करून प्लेट झाडत होता. ‘‘चालतं का गं ते?’’

‘‘तुम्ही नसता तर मी या जागी नसते. मुकाट्याने चला.’’

फूल घेताना म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी नजर प्लेटकडेच. ब्लू झाडून सावकाश उभा राहिला. म्हातारीने यादिराचं मनगट पकडलं.

‘‘आज बाहेर नको. खाली तर मुळीच नको. वर टाक, छातीजवळ.’’

‘‘वर? दोन्या, वरचे मार खातात! ती कोच बसलीय तिथे, माझं सगळं आजच्या सामन्यावर आहे.’’

‘‘म्हणूनच सांगतेय.’’

यादिराने वर टाकले. पाकूने ग्लव्ह हनुवटीपर्यंत उचलून घेतला आणि पुटपुटली, ‘‘मेलो आपण.’’ पण एकामागून एक स्ट्राइक मिळत गेले. समोरची पिचर गुडघ्याजवळ सुंदर चेंडू टाकत होती. तिला एकही स्ट्राइक मिळेना, ती शेवटी रडली. सातव्या डावात शेवटची फलंदाज काखेच्या उंचीच्या चेंडूकडे बघत उभी राहिली आणि बाद झाली. दोन विरुद्ध एक.

विद्यापीठाच्या कोचने यादिराचा हात हातात घेतला. ‘‘मी मागवलेल्या तीन सामन्यांच्या चित्रफितींत बाहेर, आज वर. सामन्यागणिक डोकं बदलणारी पिचर मी वीस वर्षांत पाहिली नाही. ऑगस्टमध्ये ये. फीचं मी बघते.’’

यादिराने आधी आईला फोन केला, मग मावशीला. मग ती धावत सुटली. तिसरी पायरी रिकामी होती. मागच्या पार्किंगमध्ये एका जुन्या ट्रकचं मागचं फळकूट उघडं दिसलं. शेजारी म्हातारी उभी होती, केसांत ते फूल.

फळकुटावर ब्लू बसला होता. मास्क बाजूला, पँटचा एक पाय वर गुंडाळलेला. सुजलेल्या गुडघ्यावर ती रबरी पिशवी.

‘‘सकाळीच सांगितलं होतं, आज वाकू नकोस म्हणून,’’ म्हातारी त्याला फोड देत म्हणाली.

‘‘वाकलो कुठे, आई?’’ ब्लू म्हणाला. ‘‘कमरेखालचा एकही चेंडू दिसला नाही आज मला.’’