मधले दिवस

गेल्या आठवड्यात इंदुमतीने सगळ्या नातेवाइकांना फोन करून गुडघेदुखीचं तेल घ्यायला लावलं. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचा आवाज आणि आठवणी मात्र तिच्या वेबसाइटवर होत्या, तिथून ती घरच्यांशी बोलायची, आणि ती वेबसाइट कुणीतरी हॅक केली होती.

मुलगी पल्लवी लॅपटॉप घेऊन बसली. "बाबा, आई वेगळी कधीपासून वाटायला लागली? त्याआधीची जपून ठेवलेली प्रत चढवायची आहे. तारीख चुकली तर चोर पुन्हा घरात."

"तेलाच्या फोनपासूनच," दिगंबरराव म्हणाले.

तिने त्याआधीची प्रत चढवली. लाडिक आवाज आला, "दिगंबर, जेवलास का रे?"

पल्लवीचा हात थांबला. उखाणा सोडला तर आईने बाबांचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"बाबा, हे कधीपासून चाललंय?"

"संक्रांतीपासून," ते खाली बघत म्हणाले. "ही ती नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण बरं वाटायचं गं."

पल्लवीने संक्रांतीआधीची प्रत चढवली, पासवर्ड बदलला आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"अहो," इंदुमतीचा नेहमीचा करडा आवाज आला, "काल तर आपण तिळगुळाचं बोलत होतो, आणि इथे आषाढ दिसतोय."

पल्लवी उठून आत गेली. जाताना तिने दार ओढून घेतलं.

"मधले सगळे दिवस कुणाशी बोलत होतात?"