सुनेत्राचा हात

तरुण आर्किटेक्ट सलीलने आखलेल्या बंगल्याचं चित्र पडद्यावर आलं आणि दिगंबर ओक पुढे सरकून बघू लागले. आराखडा संगणकातलाच होता, पण दिसत होता हाताने केलेल्या मॉडेलसारखा. पुठ्ठ्याच्या भिंती, कोपऱ्यात वाळलेला डिंक, घोसाळ्याच्या जाळीची झाडं. अशी झाडं त्यांची बायको सुनेत्रा करायची. तिने जन्मभर फक्त नवऱ्याच्या इमारतींची मॉडेलं केली, आणि शेजारच्या मुलींना भातुकलीची घरं. ती गेल्यावर ओकांनीच ते सगळं आराखड्यांची चित्रं करणाऱ्या मशीनच्या कंपनीला शिकवायला दिलं, तिचा हात राहावा म्हणून. आता कुठलाही आर्किटेक्ट आपल्या चित्रासाठी मशीनवर तो हात निवडू शकत होता.

"काकूंनी गच्चीवर झोपाळा टांगलाय, बघितलात? मी काढलाच नव्हता," सलील खुशीत म्हणाला.

"मशीनने टांगला."

"तेच हो. घर आवडलं की काकू आपल्या मनाचं काहीतरी घालतात. तुमच्या घरांत काय घालतात?"

"बरंच काही," ओक म्हणाले.

ऑफिसात येऊन त्यांनी आपलं नवं घर मशीनला दिलं. झाडं आली, डिंक आला, गच्ची रिकामी. त्यांनी गच्ची वाढवली, स्वयंपाकघराला मोठी खिडकी दिली. तरी काही आलं नाही.

त्यांनी कंपनीला फोन लावला. "माझ्या बायकोचा हात काढून टाका. सगळ्यांकडून."

"सर, मग मॅडम तुमच्यासाठीही काम करणार नाहीत," पलीकडची मुलगी म्हणाली.

"माझ्यासाठी ती नुसतं कामच करते," ओक म्हणाले. "काढा."